फुकट एसटीचं वय

गेनबाच्या छातीत कळ आली, तशी हरणाबाई त्याला धरून ग्रामपंचायतीच्या खोलीत घेऊन आली. तिथं भिंतीवरच्या पडद्यातून डॉक्टरताई बोलायची. तालुक्यात हाडामांसाचा डॉक्टर एकच उरला होता. नऊ वर्षं गावाचं दुखणंखुपणं हे यंत्रच बघत होतं.

"आबा, घरी जाऊन पडून राहा," ताई मायेनं म्हणाली.

"पडून? गेल्या महिन्यात शिरपतीला असंच झालं, तर तासाभरात डॉक्टरकडं धाडलंस त्याला!"

"ते बासष्टचे होते, मावशी. पंचाहत्तरीपुढच्यांना डॉक्टरकडं पाठवायचं नाही, असा नियम आहे."

"अगं, हे चौसष्टचेच आहेत! एसटी फुकट मिळते म्हणून कार्डावर शहात्तर लावलं. वयाचा दाखला तूच तर दिलास!"

"आठवतंय. गावातल्या एकतीस जणांना दिला."

"तेव्हा हा नियम होता?"

"होता."

हरणाबाई पडद्यापुढं सरकली. "मग बोलली का नाहीस गं?"

"डॉक्टर वाढत नव्हते, मावशी. मला रुग्ण कमी करायला सांगितलं होतं."

बाहेर तालुक्याची एसटी येऊन थांबली. गेनबानं छातीवरचा हात काढला आणि सवयीनं खिशातलं कार्ड चाचपलं.