शेवटचा लाल दिवा

रूळ उखडले, सायकलवाट झाली, पण फाटकवाल्या सोलांजबाईंनी चौकी सोडली नाही. आजही फ्रान्समधल्या बरगंडीच्या धुक्यातून सायकलींच्या घंट्या ऐकू येताच त्यांनी लाल झेंडी उगारून मार्सोचा ट्रॅक्टर अडवला. पिशव्या लादलेले सात सायकलस्वार गेले. "झालं ना, काकू? द्राक्षं खोळंबलीत माझी!" मार्सो करवादला. झेंडी खाली आली नाही. "मागचा लाल दिवा दिसला नाही." "अहो, ही काय आगगाडी आहे? पगार कोण देतं तुम्हाला?" "शेवटच्या डब्यावरचा दिवा बघितल्याशिवाय चाळीस वर्षांत फाटक उघडलं नाही." मार्सो चरफडत बसला. तेवढ्यात मागे पडलेला आठवा, मान खाली घालून, सुसाट आला आणि ट्रॅक्टरच्या तोंडासमोरून निघून गेला. त्याच्या सायकलीमागे लाल दिवा होता. मार्सोने टोपी काढली. ताठ मानेने झेंडी गुंडाळत सोलांजबाई म्हणाल्या, "जा आता. गाडी पुरी गेली."