लडक्याचं लग्न

"जेवण घालू, कपडे घेऊ, मांडव घालू. पण नोंदणी कशाला, आई?" दीपेशने विचारलं.

"लग्न करायचं तर पुरतं करायचं," रंभाबाई म्हणाल्या. "आणि साक्षीदार म्हणून पहिली सही तू करायची."

दीपेशला हसू आलं. नवरा सत्तरीचा, नवरी पासष्टीची. लडक्या आणि लाडकी चाळीस वर्षं एकत्र राहत होती, कोसबाडच्या डोंगराखाली, दीपेशच्या चिकूच्या वाडीतल्या झोपडीत. लडक्या वाडीचा राखणदार. गावजेवण घालायची ऐपत कधी आली नाही, म्हणून लग्न राहून गेलेलं. त्यांच्या पाड्यावर यात कुणाला वावगं वाटत नाही. आधी संसार मांडायचा, लग्न जमेल तेव्हा. मूल मात्र एकही जगलं नाही.

आता लडक्याची फुप्फुसं कामातून गेली होती. डहाणूच्या डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते.

या बोलण्याच्या आदल्या दिवशी मायलेक त्याला बघायला गेले, तेव्हा तो खाटेवरून उठायची धडपड करू लागला.

"पडून राहा रे," रंभाबाई म्हणाल्या. "काय हवं तुला? सांग."

"मना काय नको, बाय. पन मी गेल्यावर हिला इथं कोन ऱ्हाऊ देल?"

लाडकी दाराशी तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

रंभाबाईंनी वळून लाडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचं लग्न लावू."

बिचाऱ्याने विचारलं छपराचं आणि आईने दिलं लग्न. वय झालं की असं होतं, असं म्हणून दीपेशने सोडून दिलं.

परतताना गाडीत तो वेगळ्याच गोष्टीवर चिडला होता. वाडीला लागून हिरूचा तुकडा होता. तो मिळाला असता तर वाडी थेट डांबरी रस्त्याला टेकली असती. "हिरू द्यायला तयार आहे गं. पण आदिवासीची जमीन आपल्या नावावर होत नाही म्हणे. कुठल्या काळातला कायदा, अजून धरून बसलेत!"

"तुझे बाबाही असंच म्हणायचे," रंभाबाई काचेबाहेर बघत म्हणाल्या.

बाबा म्हणजे महादेवशेठ. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. वाडी त्यांनी उभी केली, झाडं लडक्याने लावली. लडक्या त्यांना 'माझी झाडं' म्हणायचा आणि दीपेश पाहुण्यांना ते मोठ्या कौतुकाने सांगायचा. जुनी माणसं वाडीला अजून सुकऱ्याचा माळ म्हणत. हा सुकऱ्या कोण, ते दीपेशने कधी विचारलं नव्हतं. रंभाबाई त्या वाडीचा चिकू तोंडात घालत नसत. आईला साखर आहे, म्हणून असेल, असं तो धरून चालला होता.

लग्न झकास झालं. बायकांनी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला. जयवंती धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावलं. त्यांच्यात हे काम बाईचंच. लडक्या खुर्चीवर बसून होता, धाप लागत होती, तरी लाडकीकडे बघून लाजत होता. दीपेशचे डोळे खरोखर भरून आले. ग्रामसेवकाने पुढे केलेल्या अर्जावर त्याने न वाचता सही ठोकली. नवरानवरीबरोबरचा फोटो मोबाइलवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सुख विकत घेता येत नाही, हे आज यांच्याकडून शिकलो.' लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

पाच आठवड्यांनी लडक्या गेला. खर्च सगळा दीपेशने केला.

त्यानंतर रंभाबाई दोन-तीनदा रिक्षाने डहाणूला गेल्या. डोळे दाखवायला, म्हणाल्या. सोबतीला लाडकीला नेलं. सुनेला त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

तीन महिने उलटले आणि चारोटीच्या एका दलालाने गिऱ्हाईक आणलं. मुंबईची पार्टी होती, त्यांना वाडीत रिसॉर्ट बांधायचं होतं. दीपेश त्याच दिवशी लाडकीकडे गेला. तो वाईट माणूस नव्हता. खाली बसून, समजावून बोलला.

"लाडकी, महिन्याभरात झोपडी काढावी लागेल गं. पाड्यावर तुझ्यासाठी एक खोली बघतो मी. तुला वाऱ्यावर सोडणार नाही."

लाडकीने लडक्याच्या झाडांकडे पाहिलं. "बाय सांगंल तसं, शेठ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दीपेशच्या घरी हजर झाली. आईकडे गयावया करायला आली असणार, हे दीपेशने ओळखलं. त्याला तिची दयाही आली. पण ती रडली नाही. पदरात आणलेले चिकू तिने ओट्यावर रंभाबाईंसमोर ठेवले आणि खांबाला टेकून बसली.

रंभाबाईंनी एक चिकू उचलला, फोडला आणि खाल्ला.

"आई, साखर!" दीपेश ओरडला.

"गोड आहे," रंभाबाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा घशाखाली उतरला बघ."

"बरं, ते राहू दे. वाडीचे कागद कुठे आहेत? बाबा गेल्यापासून तुझ्याच कपाटात आहेत ना? पार्टी उद्या येतेय."

रंभाबाईंनी मांडीवरची पिशवी त्याच्याकडे दिली. जणू त्या तासभर ती घेऊन त्याचीच वाट बघत बसल्या होत्या.

वरच वाडीचा नवाकोरा सातबारा होता. दीपेश मालकाच्या नावावर बोट ठेवून वाचू लागला. लडक्या सुकऱ्या वरठा, मयत. वारस, लाडकी लडक्या वरठा, पत्नी. त्याखाली टाचणीने लग्नाच्या नोंदणीची कागदपत्रं लावली होती, आणि त्यांत साक्षीदारांच्या रकान्यात पहिली सही त्याची होती.