काकूंची व्हॅन चार्ज होत नाही

“रेस द्या, काकू!” बॉनेटमध्ये डोकं घातलेला करंट ओरडला.

काकूंनी पाय दाबला. जुनी व्हॅन थरथरली, पण बॅटरीला लावलेल्या मीटरचा आकडा बाराच्या पुढे सरकेना. इंजिन चालू असताना तो चौदापर्यंत चढायला हवा, एवढं काकूंनाही ठाऊक होतं. करंट म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजातला इलेक्ट्रिशियन. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल.

“बॅटरीत खोट नाही. मी काल स्वतः चार्ज केलीय,” तो म्हणाला. “पण गाडी नुसती तिचं खाते, परत काही देत नाही. बंद करा. आता किल्ली अर्धीच फिरवा. बॅटरीचा लाल दिवा लागला?”

“नाही.”

“लागायला हवा. इंजिन सुरू झालं की मग विझतो. म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे जाणाऱ्या वायरीतच कुठेतरी घोळ आहे.”

पायरीवर बसून काकूंचा मुलगा ऑफिसला जायचे बूट चढवत होता. “आई, सोड ना आता तिचा नाद,” तो म्हणाला. “वय झालं गाडीचं. मी टॅक्सी बोलावतो, मावशीला टॅक्सीनं ने.”

“टॅक्सीवाला तिला हाताला धरून जिना उतरवणार आहे का?”

काकूंची थोरली बहीण पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणं-आणणं काकूंकडे होतं. गेल्या खेपेला परतताना व्हॅन भर चौकात बंद पडली. डायलिसिसनं गळून गेलेली बहीण पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन तासभर उन्हात बसून राहिली. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना काकूंनी चांगलंच फैलावर घेतलं. पण घरी सोडल्यावर बहीण म्हणाली, “तू आता येत जाऊ नकोस गं. माझ्यापायी तुझे हाल.” तेव्हापासून काकू इरेला पेटल्या होत्या. आज पुन्हा जायचा दिवस होता आणि त्या व्हॅननंच जाणार होत्या.

“बेल्ट ताठ आहे, फ्यूज शाबूत आहेत,” करंट बडबडत होता. त्याची बडबड कधी थांबत नसे. ती एकदम थांबली.

“काकू, जरा इकडे या.”

काकू उतरून त्याच्याशेजारी वाकल्या. अल्टरनेटरच्या मागच्या पिना उघड्या होत्या. त्यांच्यावर बसणारा वायरींचा सॉकेट बाजूच्या नळीला प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेला होता. त्याच्या तोंडावर काळी टेप नीट गुंडाळली होती.

“खड्ड्यात निसटला असेल.”

“निसटला असता तर लोंबकळत असता,” करंट हळू आवाजात म्हणाला. “हा कुणीतरी काढून बांधलाय. टेपसुद्धा नवी आहे.”

काकू सरळ झाल्या आणि त्यांनी पायरीकडे पाहिलं. मुलाच्या एका पायात बूट होता, दुसरा हातात.

“तू?”

तो उठला. पुन्हा बसला. “त्या दिवशी तू फाटकाला गाडी घासलीस, आई. मला रात्रभर झोप लागली नाही. तिथं पोर असतं तर?”

“मग बोलायचं होतंस.”

“ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं. पण निदान समोरासमोर भांडलो तरी असतो.”

“मला वाटलं, एक दिवस सुरूच होणार नाही. इथेच, दारात. मग तू आपणच सोडशील.”

“दारात नाही, चौकात बंद पडली. तुझी मावशी आत बसली होती. तुझ्या काळजीनं तिला उन्हात शिजवलं.”

मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. करंटनं सॉकेटकडे हात नेला, तशा काकू कडाडल्या, “तू नको. ज्यानं काढलाय तोच लावेल.”

मुलगा एकाच बुटावर लंगडत आला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या न दुमडताच वाकला. पट्टी कापली, टेप सोलली आणि सॉकेट दाबला. कट्ट आवाज झाला. दोन्ही बाह्यांना काळं वंगण लागलं, पण त्यानं तिकडे पाहिलं नाही.

काकूंनी किल्ली अर्धी फिरवली. लाल दिवा लागला. पूर्ण फिरवली, इंजिन धडधडलं आणि दिवा विझला.

“चौदा!” करंट ओरडला. “चौदाच्याही वर!”

काकू खिडकीतून मुलाला म्हणाल्या, “डोळे तपासायचेत? उद्याच चल. गाडी चालवायची परीक्षा पुन्हा द्यायचीय? तीही देते. नापास झाले तर किल्ली मी आपल्या हातानं तुला देईन. पण माझ्या पाठीमागे माझी एक वायरसुद्धा काढायची नाही. कळलं?”

“कळलं.” सोललेली टेप त्यानं चुरगाळून खिशात टाकली. मग म्हणाला, “आज मी सुट्टी टाकतो. येतो तुमच्याबरोबर.”

“बूट घाल आणि ये.”

त्यानं दुसरा बूट घातला, व्हॅनला वळसा घालून आला आणि पुढचं दार उघडलं.

“तिथं नाही,” काकू गिअर टाकत म्हणाल्या. “मागे बस. पुढं ताई बसते.”