अर्धा नारळ

“नाव सांगायचं नाही!” अण्णांनी हात वर केला. “गाव नाही, आडनाव नाही. बाई आणि तिचा नवरा, एवढंच बोलायचं. नाव कळलं की माणूस एका बाजूला कलतो.”

संगिताने मान डोलावली. ती झरीच्या अंगणवाडीत शिकवायची आणि आज एका मैत्रिणीच्या वतीने बोलायला बसली होती. ओटीवर साक्षीला संगिताचे सासरे धोंडीबाबा होते. मैत्रीण आतल्या खोलीत होती. निकाल लागेपर्यंत पक्षकाराने समोर यायचं नाही, हाही अण्णांचाच नियम.

डहाणू रोड स्टेशनातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून अण्णांनी हे काम अंगावर घेतलं होतं. मसोलीपासून उधव्यापर्यंत बांध, विहीर, सासू, कशावरूनही वाजलं की अण्णांना बोलावणं जाई. फी नाही. चहा आणि कौतुक, बस. त्यातला चहा बिनसाखरेचा. कुणी ‘मांडवली’ म्हटलेलं त्यांना खपत नसे.

“मांडवली गुंड करतात. घासाघीस मासळी बाजारात होते, सौदा व्यापाऱ्यांत. वाटाघाटी सरकारं करतात, त्यातून काही निघत नाही. मी करतो ती तडजोड. दोघांनी थोडं थोडं सोडायचं, आणि सोडलेलं परत मागायचं नाही.”

शेवटी ते नारळ फोडत आणि अर्धा अर्धा दोन्ही बाजूंना देत. अण्णांनी फोडलेला नारळ आजवर कुणी परत केला नव्हता. त्यांची खरी इस्टेट काय ती एवढीच.

आजचा नारळ बायकोने निवडून दिला होता. वसुमतीने तो कानाशी हलवून पाहिला होता.

“फोडल्यावर शब्द फिरत नाही ना?”

“आजवर कधी फिरलाय?”

“नाही, आपलं विचारलं. मी पण आज जरा—”

“बोर्डीला, ताईकडे. जा की!” म्हणत अण्णांनी स्कूटरला किक मारली होती. तलासरीतलं एका बांधाचं भांडण मिटवून ते झरीला पोचले तेव्हा दुपार कलली होती.

संगिताने न विचारताच बिनसाखरेचा चहा पुढे केला. आपली कीर्ती साखरेपर्यंत पोचली, याचं अण्णांना बरं वाटलं.

“हं. नवऱ्याच्या बाजूने कोण आलंय?”

“कुणी नाही. पण तुम्ही ठरवाल ते त्याला मान्य असतं, अण्णा. दुसऱ्या कुणाचं त्याला कधी पटलेलंच नाही.”

“समजूतदार दिसतो,” अण्णा म्हणाले. “मारतो का?”

“नाही.”

“पितो?”

“थेंबही नाही.”

“मग बाईला खुपतं काय?”

“तो तिला बोलू—”

“घालून पाडून बोलतो.”

“नाही हो. बोलूच देत नाही. तिने तोंड उघडलं की वाक्य तोच पुरं करतो. तेही चुकीचं. लग्न झाल्यापासून बिचारीचं एक वाक्य शेवटाला गेलेलं नाही.”

अण्णांनी कप खाली ठेवला. ते खरोखर हादरले होते. “असली माणसं असतात?”

“असतात,” धोंडीबाबा विडीकडे पाहत म्हणाले.

“तिचं मागणं काय?”

“फार नाही. त्याच घरातली मागची खोली आणि वेगळी चूल. तिथे बसून ती आपल्या मनाने—”

“रडेल.”

“बोलेल,” संगिता म्हणाली.

“छे! मागची खोली बाईने का घ्यायची? घर सांभाळलं कुणी? मागे त्याने जावं.”

“नको अण्णा. त्याला राग येईल.”

“येऊ दे! पुढचं घर बाईचं. स्वयंपाकघर बाईचं. दारात झाडं आहेत?”

“चिकूची आहेत. पण एवढं नको हो.”

“झाडं बाईची!”

“त्याला साधा भात लावता येत नाही.”

“शिकेल.”

“मागच्या खोलीत पंखा चालत नाही.”

“सवय होते.” दुसऱ्याच्या घराची वाटणी करताना अण्णांचा हात नेहमीच सढळ असे. संगिता नको नको म्हणत राहिली तसे ते आणखी चढले. “आणि एक अट माझ्याकडून. बाईचं वाक्य संपेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. साक्षीदाराने लक्ष ठेवायचं. कबूल, बाबा?”

“सारू,” धोंडीबाबा म्हणाले. “ठेवतो लक्ष.”

“हा निकाल फिरवायला यापुढे मी सांगितलं तरी ऐकू नका,” असं म्हणून अण्णांनी पायरीवर नारळ आपटला. बरोबर मधोमध फुटला. पाणी अंगणात सांडलं. अर्धा नारळ घेऊन संगिता आत गेली. दुसरा अर्धा अण्णांच्या हातात राहिला.

“हा नवऱ्याला कोण पोचवणार?” त्यांनी विचारलं.

“पोचला,” धोंडीबाबा म्हणाले.

आतला पडदा सरला. अर्धा नारळ हातात धरून वसुमती ओटीवर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. अण्णांच्या हातातल्या नारळातलं उरलंसुरलं पाणी त्यांच्या धोतरावर ओघळलं.

“सकाळी मी सांगतच होते,” ती म्हणाली, “की मी पण आज जरा झरीला—”

अण्णांनी तोंड उघडलं.

धोंडीबाबांनी विडी धरलेला हात वर केला. “थांबा अण्णा. बाईचं वाक्य अजून संपलेलं नाही.”