ई ड्राइव्हवरचा आवाज

तेरवीला बाबांचे जुने फोटो पडद्यावर दाखवायचे, ही कल्पना अंबरीशची. आजारपणाच्या अख्ख्या वर्षात जबलपूरकडे एकदाही न फिरकलेला मुलगा आता बाबांच्या कॉम्प्युटरपुढे असा ठाण मांडून बसला होता, जणू पिंडदानही माउसनंच करायचं होतं. फोटो होते त्या जुन्या डी ड्राइव्हचा बॅकअप त्यानं सरळ ई ड्राइव्हवर चढवला. 'इथलं सगळं पुसलं जाईल' अशी सूचना आली, तीही न वाचताच 'होय' म्हणून उडवून लावली.

"अरे, ई वर बाबांची रेकॉर्डिंगं होती!" मीरा कळवळली. लकव्यानंतर बाबा रोज बोलण्याचा सराव करत आणि ती तो तिथे साठवून ठेवी. दुसरीकडे कुठेच काही नव्हतं.

"ते होय? ऐकल्या होत्या मी आधी दोन फाइली. नुसतं अं-अं करून राहिले होते. छोडो ना दीदी, असे बाबा कोणाला पाहिजेत?"

संध्याकाळी पडद्यावर सुटाबुटातले बाबा झळकले. "पोरगा असावा तर असा," काका गहिवरून म्हणाले, आणि अंबरीशनं अगदी नम्रपणे मान झुकवली.

मीरा त्याच्याकडे पाहत राहिली. एका वाक्यात ती त्याला जमिनीवर आणू शकली असती. पण ते वाक्य ऐकण्याचीही त्याची लायकी नाही, असं ठरवून ती चहाचे कप उचलू लागली.

 

थेरपीवाल्या बाईंनी कितीही सोपे शब्द दिले, तरी बाबा वर्षभर एकच शब्द घोटत होते: अंबरीश.