गाडी लागते

टेक्ससच्या सीमेलगतच्या त्या गावातून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर तपासनाका होता. तान्ही असताना आईच्या कडेवरून मेक्सिकोतून नदी ओलांडून आलेल्या यारेत्सीपाशी नाक्यावर दाखवण्याजोगा एकही कागद नव्हता. तिचं जग त्या नाक्याशीच संपत असे. म्हणूनच शाळेच्या 'मारियाची' या मेक्सिकन लोकसंगीताच्या वाद्यवृंदाची नाक्यापलीकडच्या सॅन अँटोनिओच्या स्पर्धेसाठी निवड झाली, तेव्हा आर्मेंता सरांना तिने हसत हसत सांगितलं, "मी नाही येणार, सर. मला गाडी लागते."

"अगं, पहिलं व्हायोलिन तुझं! संगीताची शिष्यवृत्ती तिथंच मिळायची आहे. लिंबू चोख, खिडकीत बस."

"फारच लागते हो, सर. अख्खी बस धुवावी लागेल."

"राणीसाहेबांसाठी विमान मागवा, सर!" मागून ट्रंपेटवाला एफ्राइन ओरडला. सगळे खो खो हसले, यारेत्सीही हसली.

सर मात्र हसले नाहीत. तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहत राहिले, आणि मग अगदी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आणखी कुणाकुणाला गाडी लागते?"

 

निम्म्या वाद्यवृंदाचे हात हळूहळू वर गेले, आणि त्यांत सगळ्यांत पहिला एफ्राइनचा होता.