पडद्याची फटफटी

शालिकरामनं साइडकारमधली गादी उचलली आणि तशीच मातीत टाकून दिली.

"काय मेलं काय याच्यात, पाटील?"

गादीच्या पोटाशी पिवळट, कडक झालेले डाग होते. एका डागाला कापडाची चिंधी चिकटली होती. त्या सगळ्यावर कुणीतरी हिन्याचं अत्तर ओतलेलं, त्यामुळे वास आणखीच उग्र. शालिकराम दुकानाच्या कडेला गेला आणि नालीत थुंकून आला.

महादेवराव मान खाली घालून उभे होते. शेंदूरजनाघाटला त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. साठीचा माणूस, धोतर स्वच्छ, कपाळाला गंध. विलायतेला परत गेलेल्या एका साहेबाची जुनी फटफटी त्यांनी साइडकारसकट घेतली होती आणि आज अकोल्याला शालिकरामच्या दुकानात आणली होती.

"जाळून टाका थे," ते म्हणाले. "नवी गादी बसवा."

"जाळतोच. पण सांडलं काय होतं?"

"सांडलं काहीतरी."

मग त्यांनी काम सांगितलं. इंजिन खोलून नव्या रिंगा टाकायच्या. कार्बाइडचा दिवा काढून बॅटरीचा लावायचा. साइडकारखालच्या स्प्रिंगच्या कमानी बदलायच्या, जितक्या नरम होतील तितक्या. आणि चहूबाजूंनी जाड पडदे.

"आतलं माणूस दिसलं नाई पाह्यजे," महादेवराव म्हणाले.

"माणूस का बाई?"

"बाईच समजा. तिले धक्का लागू नाई. परतवाड्याकडचा रस्ता लय खराब हाये."

संध्याकाळी जेवताना शालिकरामनं हे बायकोला सांगितलं. गंगूबाईनं कपाळावर हात मारला.

"तुमाले आज समजलं? माही बहीण सांगे बडनेऱ्याची. याच फटफटीत बसून जाताना पाह्यली तिनं बाई. तोंडावरून पदर. आन् मागच्या महिन्यात दुसरीच होती, उंचशी."

"दुसरी?"

"मंग! म्हाताऱ्याची बायको मेली, आता रान मोकळं."

शालिकरामच्या डोळ्यांपुढे ते डाग आले. ताटातला झुणका त्याला गिळवेना. तो उठला आणि राखेनं पुन्हा हात घासून आला.

काम परत करावं असं त्याला वाटलं होतं. पण इंजिन खोललं आणि त्याचा नाइलाज झाला. मागच्या लढाईत, इंग्रजांच्या फौजेबरोबर बसऱ्याला असताना, तो अशाच फटफट्यांवर काम शिकला होता. सिलिंडर अजून आरशासारखा होता. चांगल्या दुभत्या गाईनं उकिरड्यात तोंड घालावं तशी ही गाडी त्याला वाटली. दोष गाईचा नव्हता.

एका मोडलेल्या टांग्याच्या कमानी त्यानं घासून पातळ केल्या आणि साइडकारखाली बसवल्या. दिवा लावला. पडदे शिंप्याकडून शिवून आणले, पण ते अडकवताना त्याच्या मनात काय काय येऊन गेलं आणि तो पुन्हा पुन्हा थुंकला. नव्या गादीवर त्यानं गंगूबाईला टेकूसुद्धा दिलं नाही.

ठरल्याप्रमाणे महादेवराव दुपारच्या गाडीनं आले. शालिकरामनं किक मारली. फटफटी एका ठेक्यात बोलू लागली. तिला तापू देत तो बाजूला उभा राहिला.

महादेवरावांनी गादी दाबून पाहिली. साइडकार पाळण्यासारखी हलली. त्यांचे डोळे भरून आले.

ते पाहून शालिकरामला राहवलं नाही.

"पाटील, एक सांगू? तुमच्या वयाले हे शोभत नाई. लोकं थुंकून राहिले तुमच्यावर."

"थुंकतेतच," महादेवराव म्हणाले. "गाडीतल्या बायांवर त गोटे मारतेत. म्हणून त पडदे."

"गोटे?"

"माह्या घरचीले महारोग झाला होता, मिस्त्री. दवाखाना परतवाड्याच्या बाजूले. सवाऱ्या नेणाऱ्या सर्व्हिस मोटारवाल्यानं तिले भर उन्हात रस्त्यावर उतरून देल्लं. म्हणून ही फटफटी घेतली. थे त गेली. आता ज्याच्या घरी असा बिमार असन, त्याले मी नेऊन सोडतो. बाई असो का माणूस."

शालिकराम मागे सरकला. "म्हणजे थे डाग..."

"जखमांचे. तुमाले आधी सांगतलं असतं त तुमी गाडीले हात लावला असता काय?"

शालिकरामला ओकारी आली. तो फटफटीशेजारीच उकिडवा बसला, एका हातानं गाडीचा आधार घेऊन, दुसऱ्यानं पोट दाबून.

"आमाले लवकर समजलंच नाई," महादेवराव स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "रोग अंगात सालोसाल राह्यते. आधी दुखणंच नसते त्याचं. चुलीतला निखारा तिनं हातानं सारला, आन् तिले पत्ता नाई. आमाले वाटे, मोठी धीराची बाई हाये."

"तुमी मले बाटवलं!" शालिकराम ओरडला. "या हातानं मी घास खाल्ला! बायको हाये माह्या घरात! उचला ही घाण इथून. माह्या दारात नको. असल्या लोकायले गावाबाहेर..."

आरडाओरडा ऐकून गंगूबाई आतून धावत आली. दारातच ती थबकली आणि तिनं नाकाला पदर लावला.

"अवो, काय जळून राहिलं इथी? चामडं जळल्यासारखं?"

महादेवरावांनी वाकून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. शालिकरामच्या शिव्या तेवढ्या चालू राहिल्या. महादेवराव त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हते. ते तापून निळ्या पडलेल्या सायलेन्सरकडे पाहत होते.

"मिस्त्री," ते अगदी हळू म्हणाले, "हात काढा थो."

"कोणता हात?" शालिकरामनं विचारलं.